लेपर्ड गेकोच्या काचपेटीतील उष्णता

लेपर्ड गेको (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातली पाल. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, पण बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. त्यामुळे घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच वावरते. दिवस कपारीत काढून ती तिन्हीसांजेला बाहेर पडते. युरोप-अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते.

पालीला शरीराची ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब कमी पडली की खाल्लेले पचत नाही, कधी उलटून पडते. म्हणून पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे गार ठेवतात: उबदार टोकाला पृष्ठभाग साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गार टोकाला २४ ते २६. रात्री पारा २०-२१ पर्यंत उतरला तरी निरोगी प्रौढ पालीला त्रास होत नाही. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. सगळी पेटी सारखी तापली तर पालीला उन्हापासून पळावे तसे पळायला जागाच उरत नाही, आणि अति उष्णता थंडीपेक्षा लवकर जिवावर बेतते.

कोणता हीटर घ्यावा यावर पाळणाऱ्यांत बरीच चर्चा चालते, पण खरी सुरक्षितता थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप आवरणाऱ्या यंत्रात आहे. त्याच्याशिवाय कुठलाही हीटर लावू नये. पेटीच्या तळाखाली बसवायची हीट मॅट स्वस्त आणि सोपी. ती तळाच्या सुमारे एक तृतीयांश भागापुरतीच असावी. तिच्यावर मातीचा जाड थर असला तर वरून हात लावल्यास जमीन कोमट लागते आणि खाली काच मात्र तापत राहते. पाल उकरत उकरत तिथवर पोचली की पोटाला चटका बसतो. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे वायरचे टोक, म्हणूनच पाल जिथे पोट टेकते तिथे घट्ट बसवतात. तो निसटून गार कोपऱ्यात पडला, तर थर्मोस्टॅटला पेटी थंड वाटते आणि हीटर थांबतच नाही. पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड तापमापीने अधूनमधून स्वतंत्रपणे तपासलेले बरे.

वरून ऊब देणारा हॅलोजन दिवा जमीन आणि दगड उन्हासारखे तापवतो; त्याला डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा, लागतो. रात्री ऊब द्यायचीच असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वापरतात, पल्स थर्मोस्टॅटसह, म्हणजे वीज थोड्या थोड्या झटक्यांत देणाऱ्या. तो स्पर्शाला अतिशय गरम असतो, त्यामुळे पेटीच्या आत असल्यास जाळी अनिवार्य. लाल दिवा रात्रभर लावण्याची पद्धत सोडलेलीच चांगली. पालीला तो प्रकाश जाणवतो. विजेवर तापणारा कृत्रिम दगड, म्हणजे हीट रॉक, तर घेऊच नये: तो एखाद्याच ठिकाणी भलताच तापतो आणि पाल त्यावरच बसून राहते.

हे आकडे सगळ्या गेकोंना लागू नाहीत. न्यू कॅलेडोनियाचा क्रेस्टेड गेको २२ ते २६ अंशांत खूश असतो. २८ च्या वर तो शिणतो, आणि उष्ण प्रदेशातल्या घरात त्याला हीटर नव्हे, गारवा द्यावा लागतो.

महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये लेपर्ड गेकोची भाऊबंद यूब्लेफॅरिस फस्कस रानात आढळते. ती पकडून आणू नये. दिवसा कोणत्या दगडाखाली, कोणत्या उबेत राहायचे ते तिचे तिला ठरवता येते.

पोटावर लाल किंवा तपकिरी डाग, फोड, सोलवटलेली कातडी दिसली तर तो बहुधा चटका असतो. अशा वेळी हीटर बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्यावे. घरगुती मलम लावत बसू नये.