हँडब्रेक आणि गिअरची मोटार उभी करणे

हँडब्रेक म्हणजे उभी केलेली मोटार जागची हलू नये म्हणून हाताने ओढून लावायचा ब्रेक. बोलण्यात ‘हातब्रेक’ असाही शब्द ऐकू येतो. पायब्रेक ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, तर हँडब्रेक चालतो केबलवर. त्यामुळे ऑइल गळून पायब्रेक निकामी झाला तरी हँडब्रेक शिल्लक राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार मोटारीला अशा दोन स्वतंत्र ब्रेकयंत्रणा असाव्याच लागतात.

दोन सीटांमधला दांडा वर ओढला की त्याच्या तळाचा खटका दातेरी पट्टीवर एकेक दात चढतो. ‘कट्कट्’ आवाज येतो तो त्याचाच. दांड्याला जोडलेली केबल गाडीच्या पोटाखालून बहुधा मागच्या दोन चाकांकडे जाते. तिथे ड्रममधली, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्यातली, छोटी तरफ ब्रेकशू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, बाहेर ढकलून ड्रमवर आतून दाबते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा मोटारींसाठीचा ब्रेकनियम सांगतो की पूर्ण भरलेली गाडी हँडब्रेकने २० टक्के उतारावर, म्हणजे ५ मीटरला १ मीटर अशा उतारावर, स्थिर राहिली पाहिजे आणि त्यासाठी हाताला साधारण ४० किलो वजनाइतक्या जोरापेक्षा जास्त जोर लागता कामा नये.

नव्या गाडीचे हे मोजमाप आहे. ताणलेल्या केबलच्या, झिजलेल्या लायनरच्या (ब्रेकशूवरच्या घासणाऱ्या थराच्या) गाडीने एवढे करून दाखवावे अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे. म्हणूनच गिअरच्या गाडीला दुसरा आधार द्यायचा असतो तो इंजिनाचा. लहान मोटारीत पहिला गिअर टाकला की चाक एकदा फिरायला इंजिनाला बारा ते पंधरा वेळा फिरावे लागते आणि बंद इंजिनातली दाबली जाणारी हवा त्याला विरोध करते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यामुळे गिअर पुढची चाके धरतो आणि हँडब्रेक मागची. दोन्ही लावले तर चारही चाके बांधली जातात. नुसत्या गिअरवर मात्र विसंबू नये. दाब हळूहळू निसटतो आणि जुन्या इंजिनाची गाडी उतारावर धक्क्याधक्क्याने सरकू शकते.

क्रमालाही महत्त्व आहे. गाडी थांबल्यावर न्यूट्रल करून, पायब्रेक दाबलेला असतानाच हँडब्रेक ओढावा आणि मग पाय अलगद उचलून पाहावे. गाडी किंचित हलून स्थिरावली की तिचा भार हँडब्रेकने घेतला असे समजावे. हा एक क्षण बहुतेक जण गाळतात. खरी परीक्षा तोच घेतो. त्यानंतर इंजिन बंद करून क्लच दाबावा आणि गिअर टाकावा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चुकून स्टार्टर फिरला तरी गाडी चढाच्या बाजूलाच ओढ घेते.

तिसरा आधार पुढच्या चाकांच्या वळणाचा. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उताराकडे तोंड असताना चाके डावीकडे, फुटपाथच्या कठड्याकडे वळवावीत. चढाकडे तोंड असेल तर उजवीकडे वळवावीत, म्हणजे गाडी मागे सरकली तरी टायर कठड्याला टेकून थांबेल. कठडाच नसेल तर चाके रस्त्याच्या कडेकडे, डावीकडेच ठेवावीत. हा शहरातला नियम घाटात जसाच्या तसा नेता येत नाही. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसाळ्यात धबधब्यापाशी गाड्या थांबतात तेव्हा एका दिशेच्या गाड्यांची डावी बाजू दरीची असते. तिथे कडेकडे चाके वळवणे म्हणजे गाडीला दरीची वाट दाखवणे. अशा जागी गाडी उभीच करू नये. चाकाला दगड लावण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण निघताना तो दगड उचलून बाजूला टाकला पाहिजे. रस्त्यावर राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ सांगते की चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. दाटीच्या पार्किंगमध्ये मात्र ‘न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका’ असे सांगितले जाते, कारण आडव्या लावलेल्या गाड्या ढकलून वाट काढायची असते. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या जमिनीलाही पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेला असतो. त्यामुळे निदान दगड लावल्याशिवाय अशी गाडी सोडून जाऊ नये.

दमट हवेत हँडब्रेकचे दुखणे वेगळे असते. कोकणात पावसाळ्यात गाडी धुऊन किंवा पाण्यातून आणून हँडब्रेक लावून आठवडाभर ठेवली, तर ओले लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि चाक सुटत नाही. गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, हँडब्रेक न ओढता ठेवावी. मागे डिस्कब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक, असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. घाट उतरून तापलेल्या डिस्क थंड होताना आकसतात आणि घट्ट ओढलेली पकड ढिली पडते. तिथे गिअर विसरणे परवडत नाही.

देखभालीत सर्वांत मोठी चूक नुसती केबल ओढून देण्याची. दांडा पूर्वीपेक्षा जास्त वर येऊ लागला की दांड्यापाशी असलेला नट आवळून मोकळे होता येते, पण झिजलेले शू तसेच राहतात आणि ताणलेल्या केबलमुळे ड्रममधला ॲडजस्टरही (शू आणि ड्रममधले अंतर राखणारा भाग) नीट काम करत नाही. आधी ड्रम उघडून साफ करावा, लायनरची जाडी आणि व्हील सिलिंडरची (पायब्रेकच्या ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळीची) गळती पाहावी, शू ड्रमच्या जवळ आणावेत आणि शेवटी केबलला हात लावावा. किती ‘कट्’ला ब्रेक पकडला पाहिजे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, अनेक गाड्यांत तो आकडा चार ते नऊच्या दरम्यान असतो. केबलवरचे रबर फाटले असेल तर आत पाणी शिरून गंज धरतो आणि दांडा खाली केला तरी ब्रेक सुटत नाही. काम झाल्यावर मागची चाके जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहावीत. दांडा खाली असताना दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत आणि ओढल्यावर दोन्ही सारखीच अडली पाहिजेत.