भिंतीवर पाटी, टेबलावर कागदी पेला

चीनमध्ये धंद्याच्या जेवणाला बसलं की पहिला पदार्थ येण्याआधी टेबलावर सिगारेटचं पाकीट निघतं. यजमान पाकिटाच्या बुडाला टिचकी मारून एक सिगारेट अर्धी वर काढतो आणि मानाच्या पाहुण्यापुढे धरतो. या रिवाजाला 'जिंग येन' म्हणतात, म्हणजे आदराने सिगारेट देणं. पाकीट कुठलं, यालाही अर्थ असतो. लाल पाकिटातली 'चोंगह्वा' साठ-सत्तर युआनची, तर साधं पाकीट दहाएक युआनमध्ये मिळतं. नको असेल तर सभ्यपणे सुटायला एक ठरलेलं वाक्य आहे: 'वो पू ह्वे चोऊ येन'. शब्दशः अर्थ, 'मला सिगारेट ओढता येत नाही'. 'मी ओढत नाही' म्हटलं तर समोरच्याची वस्तू नाकारल्यासारखं होतं. 'येत नाही' म्हटलं की कमीपणा आपल्याकडे आला आणि विषय मिटला.

नव्याने आलेला परदेशी इथेच अडखळतो. त्याची नाराजी धुरावर असते, पण समोर येतो तो पाहुणचार. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत चीनमधल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के धूम्रपान करणारे निघाले: पुरुषांत ५०.५ टक्के आणि बायकांत जेमतेम २.१ टक्के. म्हणजे दहा पुरुषांच्या टेबलावर सरासरी पाच जण ओढणारे.

परदेशी म्हणजे काही एकजिनसी जमात नव्हे. डब्लिनहून आलेल्या माणसाच्या देशात २००४ पासून पबमध्येही बंदी आहे, लंडनवाल्याकडे २००७ पासून. टोकियोहून आलेल्याला मात्र रेस्टॉरंटमधल्या धुराची सवय असते, कारण जपानचा कडक कायदा पूर्णपणे लागू झाला तो एप्रिल २०२० मध्ये, आणि त्यातूनही जुन्या छोट्या खानावळी सुटल्या. यिवूच्या घाऊक बाजारात किंवा खछ्यावच्या कापडबाजारात खरेदीला जाणारा आपल्याकडचा व्यापारी २ ऑक्टोबर २००८ ची सार्वजनिक धूम्रपानबंदी आणि २०० रुपयांपर्यंतचा दंड डोक्यात ठेवून जातो. तो दंड आपल्याकडे किती जणांनी प्रत्यक्ष भरला हा प्रश्न वेगळा, पण बंद खोलीत जेवताना कुणी सिगारेट पेटवली तर त्याला ते खटकतं. प्रत्येक जण घरची फूटपट्टी घेऊन आलेला असतो आणि चीनला तिनेच मोजतो.

या मोजण्यात एक गमतीदार चूक होते. बीजिंगमधल्या परदेशी मंडळींना बाहेरच्या हवेची फार धास्ती. १२ जानेवारी २०१३ ला तिथल्या अमेरिकन दूतावासाच्या यंत्राने पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण) घनमीटरला ८८६ मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याचं दाखवलं, तेव्हापासून तर मास्क आणि फोनवरचं हवेचं अ‍ॅप हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला. पण मास्क लावून आलेला माणूस रेस्टॉरंटच्या खाजगी खोलीत शिरला की मास्क काढतो, आणि त्या खोलीतली हवा काही अ‍ॅपवर दिसत नाही.

ती किती वाईट असते ते साध्या गणितानेही समजतं. एका सिगारेटमधून खोलीत साधारण १० मिलिग्रॅम पीएम २.५ सुटतं. यातला बराचसा धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून नव्हे, तर सिगारेटच्या जळत्या टोकातून थेट येतो. खोली ५ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरू, म्हणजे ७५ घनमीटर. चौघे ओढणारे, प्रत्येकी अर्ध्या तासाला एक. तासाला ८ सिगारेटी म्हणजे ८० मिलिग्रॅम, अर्थात ८०,००० मायक्रोग्रॅम कण. खोलीतली हवा तासाला दोनदा पूर्ण बदलते असं मानलं, तर कणांचं प्रमाण घनमीटरला ५३० मायक्रोग्रॅमच्या आसपास स्थिरावतं. चीनचं स्वतःचं २४ तासांचं मानक ७५ आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं १५. जेवण दोन तासांचं आणि मानक पूर्ण दिवसाच्या सरासरीचं, म्हणून तुलना तंतोतंत नाही. पण बाहेर असा आकडा दिसला असता तर या मंडळींनी मुलांना शाळेत धाडलं नसतं.

'एसी चालू आहे की' हे उत्तर हमखास मिळतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. बाहेरची हवा आत आणत नाही. तासाला ४०० घनमीटर हवा गाळणारं एअर प्युरिफायर त्या खोलीत ठेवलं, तर प्रमाण दीडशेच्या घरात येईल, म्हणजे चिनी मानकाच्याही दुप्पट. शिवाय प्युरिफायरमधला हेपा फिल्टर फक्त कण पकडतो. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्यातून सरळ निघून जातात. नुसत्या वायुवीजनाने १५ वर आणायचं तर खोलीतली सगळी हवा दर ५० सेकंदांना बदलावी लागेल.  'धूम्रपानासाठी वेगळा कोपरा' ही तडजोड म्हणूनच फसवी आहे. शिवाय शेवटची सिगारेट विझल्यावरही त्या खोलीतलं प्रमाण १५ वर यायला पावणेदोन तास लागतात, आणि तोवर डोळ्यांना धूर दिसेनासा झालेला असतो.

कायदा मात्र नाही असं नाही. चीनने जागतिक तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये मंजूर केला. देशभरासाठी सर्वंकष बंदीचा मसुदा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीरही झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. सिगारेट बनवणारी राष्ट्रीय कंपनी आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं प्रत्यक्षात एकच आहे, आणि २०२४ मध्ये या धंद्याचा कर आणि नफा मिळून १.६ लाख कोटी युआन झाला, हे लक्षात घेतलं की कारण वेगळं शोधावं लागत नाही. त्यामुळे नियम शहरागणिक बदलतात. बीजिंगमध्ये १ जून २०१५ पासून आणि शांघायमध्ये १ मार्च २०१७ पासून छताखालच्या सर्व सार्वजनिक जागांत आणि कार्यालयांत बंदी आहे. ओढणाऱ्याला दंड ५० ते २०० युआन; जागेच्या मालकाला बीजिंगमध्ये १०,००० पर्यंत, शांघायमध्ये ३०,००० पर्यंत. शेन्झेन शहराने २०१९ मध्ये ई-सिगारेटही बंदीत घेतली. पुढच्या एखाद्या लहान शहरात गेलं की यातलं काहीच लागू नसू शकतं.

बंदीच्या शहरात कुणी शेजारी सिगारेट पेटवली, तर ओढणाऱ्याशी थेट बोलण्यापेक्षा 'फूवूयुआन' अशी हाक मारून वेटरला बोलवावं. चारचौघांत परक्याने टोकलं तर त्या माणसाची आब जाते आणि तो हट्टाने ओढत राहतो. शिवाय त्याला थांबवणं ही कायद्याने जागेच्या चालकाची जबाबदारी आहे. बीजिंगमध्ये तर न बोलता सांगण्यासाठी तीन खुणा ठरवून दिल्या होत्या: नाकतोंड झाकणं, तळहात पुढे करणं, आणि दोन हातांनी खेळातल्या 'टाइम-आउट'सारखी खूण. वेटर हसून निघून गेला तर व्यवस्थापक, आणि त्यानंतर १२३४५ हा नगरपालिकेचा क्रमांक. तक्रारीत दुकानाचं चिनी नाव, पत्ता, मजला आणि वेळ लागते. नाव वाचता येत नसेल तर पावतीचा फोटो काढून ठेवावा.

तक्रार फसते ती पुराव्याअभावी. निरीक्षक येईपर्यंत थोटकं गेलेली असतात. बीजिंगच्या नियमाप्रमाणे बंदीच्या जागेत धूम्रपानाचं साहित्य ठेवणं हाच दोष, म्हणून ॲशट्रे टेबलावरून गेले; त्यांच्या जागी तळाशी बोटभर पाणी असलेला कागदी पेला आला. भिंतीवर बंदीची पाटी आणि खाली हा पेला, दोन्ही एकाच फोटोत आले तर तक्रारीला वजन येतं.

अनेक परदेशी इथपर्यंत जातच नाहीत. आपण पाहुणे, व्हिसावर राहणारे, कशाला सरकारी फोन, असा विचार असतो. काही वर्षं राहिलेले तर 'ही इथली संस्कृती आहे' म्हणून स्वतःची समजूत घालतात. मला ही समजूत पटत नाही. ज्यांना धूर नको आहे असे बहुसंख्य लोक चिनीच आहेत. एका प्रवासी तरुणीने लांब पल्ल्याच्या साध्या गाडीतल्या धुराबद्दल रेल्वेवर खटला भरला आणि २०१८ मध्ये ती जिंकली; ती कुणी परदेशी नव्हती.

संस्कृतीचं कारण द्रुतगती रेल्वेगाडीत तर पार कोसळतं. तोच माणूस, तेच खिशातलं पाकीट, पण बीजिंग ते शांघाय साडेचार-पाच तास तो गप्प बसतो. तिथे शौचालयात आणि डब्यांच्या टोकांना धूरशोधक आहेत. इशारा वाजला की गाडीचा वेग उतरतो, ५०० ते २,००० युआन दंड होतो आणि २०१८ पासून १८० दिवस तिकीट मिळत नाही. तिथे वेटरची भीड नाही, यजमानाचा मान नाही.

राहत्या घरांना यातला कुठलाच नियम पोचत नाही. उंच इमारतींत न्हाणीघरांचे पंखे एकाच उभ्या नळकांड्यात हवा सोडतात, त्यामुळे खालच्या मजल्यावरचा धूर वर येतो. पंख्याच्या नळीला एकतर्फी झडप बसवली की तो बराच थांबतो. तरी वास येत असेल तर जमिनीवरची मोरीची जाळी पाहावी. तिच्या खालच्या नळीच्या वाकात पाणी साठलेलं असतं तोवर हवा अडते; घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी वाळतं. परतल्यावर तिथे आधी तांब्याभर पाणी ओतावं.