फॉइल बोर्डाला साधा फिन: हा प्रश्न आला कुठून

विंडसर्फिंगचा फॉइल बोर्ड, म्हणजे खाली लांब दांड्यावर पंख असलेला आणि वेग आला की पाण्याच्या वर उचलला जाणारा बोर्ड घेतला, की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास पडतो. फॉइल (तो दांडा आणि पंख) काढून त्याच खाचेत नेहमीचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी बसवली तर? कारणं साधीच असतात. ओहोटीला किनाऱ्याजवळ गुडघाभर पाणी उरतं आणि फॉइलला निदान मीटरभर खोली लागते. कधी वारा असा सुटतो, की हवेत तरंगण्यापेक्षा पाण्याला धरून पळालेलं बरं वाटतं. कधी घरातल्या दुसऱ्या कुणाला नुसतं शिकून बघायचं असतं आणि त्यासाठी आणखी एक बोर्ड घेणं परवडत नाही. बहुतेक बोर्डांवर फिन बसतो. तो कितपत चालतो हे मात्र बोर्ड कुठल्या काळात, कशासाठी घडवला गेला त्यावर ठरतं, आणि ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

शिडात वारा भरला, की तो बोर्डाला पुढे ढकलतो तसा बाजूलाही ढकलतो. हा बाजूचा रेटा अडवायला पाण्याखाली काहीतरी उभं लागतं. लाटांवरच्या सर्फबोर्डांना असं काही नव्हतं. वळण घ्यायचं तर पाय पाण्यात घालून. 1935 मध्ये टॉम ब्लेक यांनी हवाईत वाइकीकीला एका टाकून दिलेल्या मोटारबोटीची कण्याची पट्टी आपल्या बोर्डाखाली बसवली, आणि बोर्डाची शेपटी घसरायची थांबली. साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो यांनी ट्यूना माशाच्या पराकडे पाहून फिन निमुळता आणि लवचीक केला. आज आपण ज्याला ‘साधा’ म्हणतो त्या फिनचा आकार बराचसा तिथून आला.

विंडसर्फिंगमध्ये मात्र फिनला सुरुवातीला मान नव्हता. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वायत्झर यांनी 1968 मध्ये ज्या बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या मध्यावर होडीसारखी खाली सरकवायची फळी होती, डॅगरबोर्ड. बाजूचा रेटा तीच अडवायची. शेपटीखालचा छोटा फिन फक्त दिशा राखायला. (शोध नेमका कुणाचा, यावर पुढे इंग्लंडात खटला झाला आणि पीटर चिल्व्हर्स या माणसाने 1958 मध्ये लहानपणी केलेली खटपट कोर्टाने 1985 मध्ये ग्राह्य धरली. तो वेगळाच पुराण-पसारा आहे.) साडेतीन मीटरहून लांब असा तो बोर्ड हळू चालत होता तोवर सगळं ठीक होतं. वेग वाढला, की मधली फळी पंखासारखी वागू लागायची आणि बोर्डाची एक कड उचलून माणसाला पाण्यात फेकायची. हवाईतल्या पोरांनी ती काढून हातात अडकवून पळायला सुरुवात केली. 1977 च्या सुमारास बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे आले, मग बोर्ड आखूड होत गेले, आणि ऐंशीच्या दशकात जोराच्या वाऱ्याचे बोर्ड डॅगरबोर्डाशिवायच बनू लागले. सगळा भार शेपटीखालच्या फिनवर आला.

भार आल्यावर फिनच्या खोडी कळल्या. फिन हा उभा पंख आहे. बोर्ड काही अंश तिरका सरकत जातो म्हणून पाणी फिनवर कोनात येतं, आणि त्या कोनातूनच फिन जिकडून वारा येतो त्या बाजूला रेटा देतो. कोन फार झाला, तर फिनच्या एका बाजूने हवा खाली ओढली जाते, पकड क्षणात सुटते आणि शेपटी भसकन बाजूला जाते. याला स्पिनआउट म्हणतात. दुसरी खोड अशी, की फिनचा हा रेटा बोर्डाच्या बऱ्याच खाली लागतो, त्यामुळे बोर्डाची वाऱ्याकडची कड वर उचलली जाते. ती दाबून ठेवायची ती पायांनी. म्हणून लांब फिन हवा असेल तर बोर्डही रुंद हवा, म्हणजे पाय कडेला दूर ठेवून जोर लावता येतो. बोर्डाची रुंदी आणि फिनची लांबी यांची ही जोडी लक्षात ठेवावी. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

फिन बसवायच्या खाचेचाही इतिहास आहे. सर्फबोर्डांकडून आलेल्या लांब खाचेत, जिला यूएस बॉक्स म्हणतात, फिन पुढेमागे सरकवता येतो. पण ती खाच छोट्या, हलक्या फिनसाठी. मोठ्या फिनचा पीळ तिला झेपत नाही. कॅलिफोर्नियातले फिन बनवणारे लॅरी टटल यांनी यावर काढलेला तोडगा त्यांच्याच नावाने चालतो. फिनचं डोकं पाचरीसारखं निमुळतं, खाचही तशीच निमुळती, आणि बोर्डाच्या वरून दोन बोल्ट. बोल्ट पिळत गेलं, की डोकं खाचेत वर ओढलं जातं आणि कडा घट्ट बसतात. भार बोल्टांनी नव्हे, खाचेच्या भिंतींनी घ्यायचा, ही त्यातली खरी हुशारी. नीट बसवलेला फिन बोल्ट काढल्यावरही हाताने सुटत नाही, ठोकून काढावा लागतो. पुढे आणखी मोठ्या फिनसाठी याच खाचेची खोल आवृत्ती आली, डीप टटल.

एवढे मोठे फिन लागले ते फॉर्म्युला बोर्डांमुळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्टारबोर्ड कंपनीचे स्वेन रासमुसेन रुंद बोर्डांच्या मागे लागले होते, आणि त्यांच्या जोडीला होते तेच जिम ड्रेक. तीस वर्षांनी ड्रेक यांनी खेळाला दुसऱ्यांदा वळण दिलं असं म्हणायला हरकत नाही. या बोर्डांची रुंदी मीटरभर, फिन 70 सेंटीमीटरपर्यंत, शीड बारा चौरस मीटरच्या घरात. डॅगरबोर्ड नाही. सात-आठ नॉटच्या (ताशी तेरा ते पंधरा किलोमीटरच्या) वाऱ्यात हे धूड पाण्यावर उठून पळायचं, आणि वाऱ्याच्या तोंडावर असं काही चढायचं की जुने लांब बोर्ड बघत राहायचे. चालवणं मात्र सोपं नव्हतं. लाटांवर बोर्ड आपटायचा, आणि वारा वाढला की तो लांब फिन बोर्डाला एका कडेवर उभा करायला बघायचा. शर्यती तीस नॉटपर्यंतही झाल्या, पण ते कसलेल्या लोकांचं काम.

ऑलिंपिकने हा बोर्ड पूर्णपणे कधीच स्वीकारला नाही. 1996 ते 2004 मिस्ट्रल नावाचा बोर्ड होता, लांब आणि डॅगरबोर्डवाला. 2008 पासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स आला. रुंदी 93 सेंटीमीटर, मागे 66 सेंटीमीटरचा फिन (महिलांसाठी थोडा कमी), आणि मधोमध पुन्हा डॅगरबोर्ड! मला तो बोर्ड नेहमी समितीने बसून बनवल्यासारखा वाटत आला आहे. पण मंद वाऱ्यातही शर्यत व्हायला हवी, या अटीला त्या काळात दुसरा मार्ग नव्हता.

तो मार्ग फॉइलने काढला. पाण्याखालच्या पंखांवर होडी उचलायची कल्पना जुनीच. एन्रिको फोरलानिनी यांनी 1906 मध्ये इटलीच्या माज्जोरे सरोवरावर ती करून दाखवली होती, आणि ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-4 बोटीने 1919 मध्ये ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला होता. हवाईत सर्फर लेअर्ड हॅमिल्टन आणि मंडळी स्नोबोर्डचे बूट घालून फॉइलवर लाटा कापत होती. विंडसर्फिंगमध्येही अधूनमधून प्रयोग झाले, पण फॉइल जड, महाग आणि अंगावर येणारे. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिका कप या शर्यतीतल्या अजस्र शिडाच्या होड्या उडताना जगाने पाहिल्या, पतंगाच्या ओढीने बोर्ड चालवणाऱ्या काइटसर्फरांनी फॉइल आपलंसं केलं, आणि 2016-17 पासून विंडसर्फिंगच्या दुकानांत फॉइल रांगेने दिसू लागले.

आणि ते बसवायचे कुठे? फिनच्या खाचेत! डीप टटल तयारच होती. पहिल्या पिढीचे फॉइल थेट जुन्या फॉर्म्युला आणि स्लॅलम (वेगाच्या शर्यतींच्या, त्याहून अरुंद) बोर्डांवर चढले. फॉर्म्युला बोर्ड तर आयताच मिळाला: रुंद शेपटी, कडेला पाय, खोल खाच. फॉइलची साधारण 90 सेंटीमीटरची उभी मास्ट, म्हणजे पंख बोर्डाला जोडणारा दांडासुद्धा शेवटी एक लांब फिनच आहे, बाजूचा रेटा तीच अडवते. पण भार वेगळा. फिन खाचेला फक्त बाजूला पिळतो. फॉइलचा पुढचा पंख मास्टच्या पुढे असतो आणि तो वर उचलतो, म्हणजे खाचेला पुढेमागेही पीळ पडतो. डोक्याची पुढची बाजू वर घुसायला बघते, मागचा बोल्ट ओढला जातो. फिनसाठी बांधलेल्या खाचा या भाराने तडकू लागल्या. मग कंपन्यांनी खाचेभोवतीचं बांधकाम मजबूत केलं आणि जुन्याच आराखड्याच्या बोर्डांवर ‘फॉइल चालेल’ असा शिक्का आला.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. एक-दोन हंगामांत बोर्डच फॉइलसाठी घडू लागले. नाक आखूड झालं, कारण उडताना लांबीचा उपयोग नाही. कडा खालून तिरप्या कापल्या गेल्या, म्हणजे उडता उडता कड पाण्याला टेकली तर अडकू नये. शेपटी शेवटपर्यंत रुंद राहिली, पट्टे अगदी कडेला गेले. स्लॅलम बोर्डाच्या शेपटीखाली पाण्याचा स्पर्श कमी करायला जे खोलगट काप असतात, ते अनेक फॉइल बोर्डांवर गायब झाले.

अशा बोर्डाला आज कुणी फिन लावतो तेव्हा तो खरं तर एक छोटा, थोडा बिघडलेला फॉर्म्युला बोर्ड तयार करत असतो. 85-90 सेंटीमीटर रुंदीला फिनही तसाच मोठा हवा, पन्नास-साठ सेंटीमीटरच्या घरातला. बहुतेकांकडे घरात पडलेला असतो तो स्लॅलमचा चाळीसचा. तो लावला, की बोर्ड बाजूला घसरतो, उठत नाही, मागच्या पायाने जोर दिला की स्पिनआउट, आणि दोष फॉइल बोर्डावर येतो. योग्य लांबीचा फिन लावला तर बारा-पंधरा नॉटमध्ये, सपाट पाण्यात, मोठ्या शिडाखाली तोच बोर्ड बऱ्यापैकी पळतो. भरपूर पाणी चिकटवून घेतो, पण पळतो.

खरी गोची जोराच्या वाऱ्यात आहे. फॉइल नको वाटावा इतका वारा असतो तेव्हाच माणसाला फिन आठवतो, आणि नेमका तेव्हाच 90 सेंटीमीटरचा बोर्ड आवरत नाही. फिन लहान केला तर रुंद शेपटीला तो पुरत नाही, मोठा ठेवला तर कड उचलतो. वीस नॉटच्या वर माझ्या मते या खटाटोपात पडू नये. जुना, अरुंद स्लॅलम बोर्ड स्वस्तात मिळतो. मंद वाऱ्यात शिकणाऱ्याला फिन चालेल, मात्र मध्ये डॅगरबोर्ड नाही आणि फिन अगदी शेवटाला, त्यामुळे नाक वाऱ्याखाली वळत राहतं आणि शिकणारा हळूहळू वाऱ्याबरोबर वाहत जातो. वारा किनाऱ्याकडून वाहत असेल तर हे गमतीचं नाही.

एकाच बोर्डावर दोन्ही चालवायची कल्पना मोठ्या पातळीवरही करून झाली. 2019 मध्ये आयक्यूफॉइल या फॉइलवाल्या बोर्डाची ऑलिंपिकसाठी निवड झाली. 95 सेंटीमीटर रुंदीच्या त्या बोर्डासाठी सुरुवातीला मांडलेल्या संचात फॉइलबरोबर फिनही होता. 2024 मध्ये मार्सेयच्या पाण्यात पदकं वाटली गेली ती फॉइलवरच. मधल्या काळात हांगझोऊच्या एशियाडमध्ये, 2023 मध्ये, फिनवाला आरएस:एक्स आणि आयक्यूफॉइल शेजारी शेजारी वेगळ्या शर्यतींत उतरले. आपल्या इबाद अलीने कांस्यपदक मिळवलं ते आरएस:एक्सवर.

दरम्यान बोर्डांखालची खाचही बदलते आहे. वल्ह्याने चालवायच्या पॅडल बोर्डांकडून आणि हातात धरायच्या शिडाच्या विंग बोर्डांकडून आलेले दोन समांतर रूळ, ज्यांच्यावर फॉइलची सपाट पट्टी चार बोल्टांनी बसते, विंडसर्फिंगच्या अनेक हौशी बोर्डांवर दिसतात. काही बोर्डांना रूळ आणि टटल दोन्ही असतात. ज्यांना फक्त रूळ आहेत, त्यांना टटल डोक्याचा फिन थेट बसतच नाही. फिन लावायचा विचार असेल तर बोर्ड घेण्याआधी तो उलटा करून खालची बाजू बघावी.