दाटी हवी, पण अंगणासकट

10 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कागद घ्या. मधोमध 7 सेंटिमीटरचा चौकोन रंगवा. दुसऱ्या तशाच कागदावर मधे काहीच करू नका, चारही कडांनी दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी रंगवा. पहिल्यावर 49 चौरस सेंटिमीटर रंग लागला, दुसऱ्यावर 51. म्हणजे बांधकाम जवळजवळ तेवढंच. पण पहिल्या कागदावर कडेची चिंचोळी बोळ उरली आणि दुसऱ्यावर मधे 7 सेंटिमीटरचं ऐसपैस अंगण. केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या वास्तुरचनाकारांनी 1960च्या दशकात हेच गणित नीट मांडलं.

उपनगरातल्या छोट्या प्लॉटचा मालक माझ्याकडे आला, की त्याचा पहिला प्रश्न असतो, "किती मजले चढतील?" मी आधी त्याच्यासमोर हे दोन कागद ठेवते. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, तोच असला तरी इमारत मधे उभी करायची की कडेने, यावर पुढची पन्नास वर्षं तिथली मुलं कुठे खेळणार ते ठरतं.

आपल्याकडे याचा उत्तम धडा नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी ती वसाहत आखली. सात घरं आणि मधे साधारण 8 बाय 8 मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून 21 घरं, त्यांच्यात 12 बाय 12 मीटरचा मोठा चौक. प्लॉट 45 चौरस मीटरपासून. प्रत्येक घर सुटं, भिंत सामाईक नाही, म्हणून शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता येते. संडास-न्हाणी मात्र शेजारच्या घराला लागून, म्हणजे ड्रेनेजचा खर्च वाचतो. हेक्टरी सुमारे 500 माणसं, आणि तीही लिफ्टशिवाय.

तिथली बरीच मूळ घरं आता पाडली गेली आहेत. त्या जागी आरसीसीचे उंच बंगले उभे आहेत. मला त्याचं दुःख नाही, कारण घर वाढावं हाच तर मूळ विचार होता. अंगणं अजून शाबूत आहेत, हे जास्त महत्त्वाचं.

काळजी वाटते ती उन्हाची. मुंबई परिसर 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर येतो. तेव्हा 6 मीटर उंच दुमजली घराची सावली साडेपाच मीटरपर्यंत पडते. 8 मीटरच्या अंगणात उत्तरेकडच्या घरापुढे अडीच मीटर ऊन उरतं. गोधड्या, तान्हं बाळ, तेल लावत बसलेली आजी, सगळं तेवढ्या पट्ट्यात मावतं. दक्षिणेकडच्या घराने तिसरा मजला चढवला आणि उंची 9 मीटर झाली, की सावली 8 मीटर ओलांडते. थंडीतलं दुपारचं ऊन संपलं.

म्हणून असं अंगण आखताना मी दक्षिणेच्या घरांचा तिसरा मजला अंगणाच्या कडेपासून पावणेतीन मीटर मागे घेते. पुढे गच्ची राहते, आणि त्या मजल्याची सावली दुसऱ्या मजल्याच्या सावलीपुढे जात नाही. वाढीव खोली हवी असेल तर ती मागच्या बाजूला काढायची, हे नकाशावरच लिहून देते.