करवत काठी

करवत काठी हे विदर्भातील हातमागावर विणले जाणारे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे वस्त्र. अंग कोशाचे, काठ रंगीत सुताचे आणि काठाच्या आतल्या कडेला करवतीच्या दात्यांची रांग. ही कडा रामटेकच्या देवळांवरून आली, अशी परंपरा सांगितली जाते. या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दात्यांची नक्षी भरतकामाची नाही, छपाईचीही नाही. मागावर तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधने, चालतात. दोन्ही काठांचा एकेक आणि अंगाचा एक. काठाचा बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून माघारी वळवतात. ही वळणाची जागा ताण्याच्या, म्हणजे उभ्या, काही धाग्यांनी पुढे-मागे सरकवत नेली की एकेक दाता उभा राहतो. त्यामुळे काठाचा रंग अंगात उतरत नाही. विणकराच्या जोडीला दुसरे माणूस लागते, बहुतेकदा घरातलेच. यंत्रमागावरच्या नकलेत काठाची नक्षी वेगळ्या धाग्याने वरून काढलेली असते. उलट बाजूला सुटे धागे लोंबताना दिसले, तर दुकानदाराने काहीही सांगो, ती करवत काठी नव्हे.

कोसा भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांतला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवण्याचे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. कोशाचे वस्त्र सोवळ्यात चालते, म्हणून पूजेला आणि लग्नकार्याला त्याला मान.

विणणारे हात मुख्यतः कोष्टी या विणकर जातीचे. नागपुरात तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांतील मोठा वर्ग स्वतःला हलबा म्हणवतो. बस्तरमध्ये हलबा ही शेती करणारी व राजाच्या सैन्यात चाकरी केलेली आदिवासी जमात. आपण त्याच जमातीचे, पोटासाठी मागावर बसलो आणि ‘हलबा-कोष्टी’ झालो, असे विणकरांचे म्हणणे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडाने हातमागाला धक्का दिला. पुढे यंत्रमाग आले. धंदा आटत गेला तसा आरक्षणासाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न पोटाचा झाला.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा, हलबी’ आहे, ‘हलबा-कोष्टी’ नाही. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या खटल्यात निकाल दिला: ही यादी ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयाने तीत भर घालायची नाही. त्यामुळे हलबा-कोष्टी अनुसूचित जमातीत धरता येत नाहीत. एका अर्थाने हा निकाल विणकर हलबा आहेत की नाहीत यापेक्षा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर आहे. समाजातील नाराजी मात्र पहिल्याच प्रश्नावरची आहे. मागावर बसल्याने जमात कशी सुटते, असा त्यांचा सवाल. राज्याने त्यांना या निकालाआधीच विशेष मागास प्रवर्गात घेतले होते. त्या संपूर्ण प्रवर्गाला आरक्षण २ टक्के. जमातीचा दाखला अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर वर्ग करण्यात आले. त्यांत नागपूरच्या विणकर घरांतले लोकही होते.