सोलांतलं आम्ल आणि बाटलीतली गोळी

मे महिन्याच्या शेवटी गोव्यात सावई-वेऱ्याला मामीकडे गेले, तेव्हा अंगणभर सोलां, म्हणजे आमसुलं, पसरलेली होती. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं, म्हणून मीही विळी पुढ्यात ओढली. भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, चिरायचं, बिया आणि गर भांड्यात काढायचा, साल उन्हात टाकायची. गराला मीठ लावलं की रस सुटतो. दुसऱ्या दिवशी साल त्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची. असं पाच-सहा वेळा केलं की सोल काळंभोर आणि मऊ होतं. तासाभरात माझी बोटं लालभडक झाली. साबण लावला तर लाल जाऊन निळसर-करडी दिसू लागली. भिरंडाचा रंग अँथोसायनिनचा, आम्लात लाल आणि साबणासारख्या आम्लारीत निळसर.

हात पुसून आत आले तर मामीने फडताळातून एक बाटली काढली. मुलाने ऑनलाइन मागवून दिलेली. वर लिहिलं होतं: गार्सिनिया, हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लासह.

"हे आपल्या सोलांचंच ना गे? वजन उतरतं, साखरही उतरते म्हणतात. घेऊ?"

मामीला मधुमेह आहे. गोव्यात असं घर शोधावं लागत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण भारतात 11.4 टक्के निघालं आणि गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. अशा ठिकाणी "झाडाचं आहे, आपलंच आहे" म्हणत विकल्या जाणाऱ्या बाटलीकडे नीट बघायला हवं.

नातं खरं आहे. बाटलीतला अर्क बहुतेक वेळा केरळात माशाच्या आमटीत घालतात त्या कुडमपुळीचा असतो, आणि ती आपल्या भिरंडाची सख्खी बहीण. दोघी गार्सिनिया कुळातल्या. (गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ताने 1563 साली भिरंडाची नोंद केली आहे, पण कुळाचं नाव त्याच्यावरून नाही, लॉरेंट गार्सिन या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं.) दोघींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. कुडमपुळीतलं हे मुख्य आम्ल नेमकं कोणतं, ते लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 मध्ये दाखवून दिलं. त्याआधी ते लिंबातलंच सिट्रिक आम्ल समजलं जायचं. दिसायला आहेही तसंच, फक्त एक हायड्रॉक्सिल गट जास्त.

सगळी गोष्ट या एका जास्तीच्या गटावर उभी आहे. आपण भात खातो, त्याचं ग्लुकोज होतं, पेशीत ते मोडत मोडत सिट्रेटपर्यंत, म्हणजे सिट्रिक आम्लाच्याच एका रूपापर्यंत, येतं. ऊर्जेची गरज भागलेली असेल तर उरलेलं सिट्रेट पेशीच्या ऊर्जाघरातून, म्हणजे मायटोकाँड्रियातून, बाहेर पडतं. बाहेर एक विकर (एन्झाइम) विळीसारखं बसलेलं असतं, त्याचं नाव एटीपी सिट्रेट लायेज. ते सिट्रेट चिरतं आणि त्यातून अ‍ॅसिटिल को-ए निघतं. मेद आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींचा हा कच्चा माल. हायड्रॉक्सीसिट्रेट सिट्रेटसारखंच दिसत असल्याने त्या विळीवर जाऊन बसतं आणि अडकून राहतं. विळी अडली की चिरणं थांबलं. 1969 मध्ये अमेरिकेत लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत सिद्ध केलं. मग उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्या शरीरात मेद बनणं कमी झालं, ते खायलाही कमी लागले.

पण त्यातल्या गाजलेल्या प्रयोगांत उंदरांना भरपूर ग्लुकोजवर पोसलं होतं, म्हणजे साखरेपासून मेद बनवण्याचं काम जोरात चालू होतं. तिथे विळी अडवल्याचा परिणाम दिसणारच. माणसाच्या नेहमीच्या जेवणात मेद थेट ताटातूनच येतो: खोबऱ्यातून, तळलेल्या माशातून, तेलातून. साखरेपासून नवा मेद बनवायचं काम आपलं शरीर फार थोडं करतं. फॅटी लिव्हर असलेल्यांचं मात्र वेगळं आहे. एका बारकाईने केलेल्या मोजणीत त्यांच्या यकृतातल्या मेदाचा साधारण चौथा हिस्सा असा नव्याने बनलेला निघाला. म्हणून कल्पना मुळात चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

तरीही माणसांवरचा निकाल निराशाजनक आहे. 1998 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 135 जाड माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार. 12 आठवड्यांनी आम्लवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं, नुसत्या गोळ्यावाल्यांचं 4.1 किलोने. जे काही घडलं ते आहाराने घडलं. 2011 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा जेमतेम 0.9 किलोचा फरक निघाला, आणि त्यातल्या जास्त काटेकोर चाचण्याच धरल्या तर तोही धड उरला नाही. या आम्लाची आणखी एक खोड आहे. सुकवलं, आटवलं की त्याच्या रेणूची साखळी वळून कडी होते, तिला लॅक्टोन म्हणतात, आणि त्या रूपात ते विळीवर नीट बसत नाही. म्हणूनच गोळ्यांत त्याचे कॅल्शियम-पोटॅशियमचे क्षार वापरतात.

यकृताची गोष्ट मात्र मी मामीला दोनदा सांगितली. गार्सिनियाच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, काहींना यकृतरोपण करावं लागलं. असं क्वचितच होतं, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. शिवाय मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीच चालू असताना डॉक्टरांना न सांगता हे सुरू करणं धोक्याचं.

आणि ती विळी? ती वैज्ञानिकांनी सोडली नाही. बेम्पेडोइक आम्ल नावाचं औषध याच विकराला अडवतं. ते प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, भिरंडाशी त्याचा संबंध नाही. ते यकृतात गेल्यावरच जागं होतं, स्नायूंत ते जागं करणारं विकरच नसतं. 2020 मध्ये अमेरिकेत त्याला कोलेस्टेरॉलसाठी मान्यता मिळाली. 2023 मध्ये कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या स्टॅटिन गोळ्या न सोसणाऱ्या सुमारे 14 हजार लोकांवरच्या चाचणीत हृदयविकारासारख्या गंभीर घटना 13 टक्क्यांनी कमी झाल्या. 1969 मध्ये ज्याच्यावर बोट ठेवलं होतं त्या विकराला खरं औषध मिळायला अर्धं शतक लागलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मामी सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे सोलां वाईट नाहीत ना?"

अजिबात नाहीत. सांभाळायचं ते सोबत येणाऱ्या गोष्टींना. अमृत कोकमात, म्हणजे कोकमाच्या गोड सरबतात, सालीच्या दुप्पटसुद्धा साखर पडते, मधुमेह्याला तो पेला परवडत नाही. आगळात, म्हणजे भिरंडाच्या खारवलेल्या रसात, मीठ मुबलक असतं, रक्तदाब असेल तर तेही मोजून. त्या दुपारी आम्ही तिवळ केलं: सोलां पाण्यात कुस्करून, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर जिरं, साखर नाही. बाटली मामीने पिशवीत घातली. सोमवारी फोंड्याला डॉक्टरांकडे जायचं होतं, तेव्हा त्यांना दाखवायला.

तेवढ्यात अंगणात पहिले थेंब पडले आणि आम्ही दोघी सोलां गोळा करायला धावलो.