मानकांचे कागद : ठेवणं, दाखला देणं, वाटणं

मानक म्हणजे एखादी गोष्ट कशी मोजायची, कशी नोंदवायची, कुठपर्यंत पास आणि कुठून पुढं नापास, हे बऱ्याच जणांनी बसून ठरवून लिहून ठेवलेला कागद. लॅबमध्ये, कॉलेजात त्याला सरळ स्टँडर्डच म्हणतात. एकटी संस्था आपल्यापुरतं काम करत असेल तर तो कागद कपाटात पडून असला तरी भागतं, पण चार संस्था मिळून काम करायला लागल्या, एक सोलापुरात, एक पुण्यात, एक हैदराबादेत आणि एखादी परदेशात, की मग तो मूळ कागद ठेवलाय कुठं, कोण कितवी आवृत्ती वापरतंय, रिपोर्टमध्ये त्याचं नाव कसं लिहायचं आणि त्याची पीडीएफ दुसऱ्याला पाठवायला परवानगी आहे का, हे सगळे प्रश्न एकदम समोर येतात.

हे समजायला सातबारा पुरतो. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात, आपल्या हातात असतो तो उतारा, उताऱ्यावर तारीख असते, बदल झाला की फेरफार क्रमांक पडतो आणि जुनं नाव पुसून टाकत नाहीत, कंसात ठेवतात. मानकांचं पण असंच पाहिजे: मूळ घर एक, बाकी सगळे उतारे, प्रत्येक उताऱ्यावर वर्ष, प्रत्येक बदलाची नोंद, आणि जुनी आवृत्ती रद्द झाली तरी बघायला मिळाली पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की यातलं वर्ष लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

पाण्याचा रिपोर्ट

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००. ते १९८३ मध्ये आलं, १९९१ मध्ये बदललं, २०१२ मध्ये परत बदललं आणि मधे मधे दुरुस्त्या निघत राहिल्या त्या वेगळ्याच. मूळ १९९१ च्या आवृत्तीत नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम होती, पण दुसरा पाण्याचा स्रोत नसेल तर १०० पर्यंत सूट होती. २०१२ मध्ये ४५ च्या वर सूटच नाही.

आमच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी मी दोन ठिकाणी तपासून घेतलं होतं. आकडे जवळजवळ सारखेच आले, नायट्रेट सत्तरच्या आसपास, पण एका कागदावर शेरा 'मर्यादेत' आणि दुसऱ्यावर 'पिण्यास अयोग्य'. दोन्हीच्या तळाला बारीक अक्षरात एकच ओळ, 'आयएस १०५०० प्रमाणे', वर्ष कुठंच नाही. पहिल्या ठिकाणी जाऊन विचारलं तर त्यांनी भिंतीवरचा लॅमिनेट केलेला तक्ता दाखवला, कडा पिवळ्या पडलेल्या, वर टाचणीनं लावलेलं कॅलेंडर, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात १९९१. मशीन बरोबर, माणूस बरोबर, केमिकल बरोबर, कागद तेवढा जुना. घरात तान्हं बाळ होतं आणि त्याची दूध पावडर याच पाण्यात कालवली जायची, म्हणून हा विषय मला नुसता ऑफिसचा कधी वाटला नाही, कारण जास्त नायट्रेटनं तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते.

याच आकड्यात अजून एक खड्डा आहे. आपण नायट्रेट पूर्ण आयन धरून, म्हणजे त्यातला नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही धरून मोजतो, अमेरिकेत त्यातला फक्त नायट्रोजन धरतात, म्हणून त्यांची मर्यादा १० आणि आपली ४५, दोन्ही जवळपास एकच. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५०, तो पूर्ण आयनचा. एकत्र प्रोजेक्ट असेल आणि एक्सेल शीटमध्ये नुसतं 'नायट्रेट' लिहिलं असेल तर कोणत्या मानकाप्रमाणे हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

कोरडवाहूचा जुना धडा

सोलापूरला ही गरज आज पडली असं नाही. १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची पाच केंद्रं निघाली, सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. त्या वेळी सोलापूर-विजापूर मुंबई इलाख्यात, हगरी मद्रास इलाख्यात, रायचूर निजामाकडं आणि रोहतक पंजाबात, म्हणजे चार वेगवेगळे कारभार. पाऊस, जमिनीतली ओल, ज्वारीचं उत्पन्न यांची तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजलं पाहिजे, नाहीतर पाच ठिकाणची पाच वेगवेगळी वह्या-रजिस्टरं आणि कशाचा कशाला मेळ नाही. १९७० पासून अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू प्रकल्पात सोलापूर एक केंद्र आहे आणि समन्वय हैदराबादहून चालतो.

पावसाचंच बघा. आपल्याकडं पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा आधीच्या २४ तासांचा असतो. कोणी सातला मोजला आणि आठला सर आली तर ती सर दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते, महिन्याची बेरीज जवळजवळ तीच राहते पण रोजचे आकडे शेजारच्या केंद्राशी जुळत नाहीत. साध्या पर्जन्यमापकासाठी आयएस ५२२५ आहे आणि तो कसा बसवायचा, कसा वाचायचा यासाठी आयएस ४९८६. हे दोन नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर वर्षासकट लिहिलेले असले तर वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला कोणाला विचारत बसावं लागत नाही.

मूळ घर कसं असावं

इंटरनेट चालवणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखलं. त्यांच्या कागदांना आरएफसी म्हणतात, पहिला निघाला ७ एप्रिल १९६९ ला. नियम असा की एकदा नंबर पडून प्रसिद्ध झाला की त्यातला एक शब्द पण बदलायचा नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्रक वेगळं ठेवायचं, मोठा बदल असेल तर नवीन नंबरचा नवीन कागद, आणि त्यावर स्पष्ट लिहायचं की यानं अमुक नंबरचा जुना कागद रद्द केला. जुना तिथंच राहतो. उदाहरण म्हणजे १९९७ चा आरएफसी २११९, त्यात 'केलंच पाहिजे', 'करावं', 'करू शकता' या तीन पातळ्यांच्या शब्दांचा नेमका अर्थ ठरवलाय आणि आजही शेकडो मानकं त्याचा दाखला देतात, २०१७ मध्ये ८१७४ नंबरनं त्यात भर घातली पण मूळ कागदाला हात लावला नाही.

वेबची मानकं करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं दोन पत्त्यांची पद्धत बसवली. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक पत्ता 'ही आवृत्ती'चा, तो कायम त्याच मजकुराकडं नेतो, आणि दुसरा 'ताजी आवृत्ती'चा, तो नवीन निघेल तसा पुढं सरकतो. रिपोर्टमध्ये पहिला द्यायचा, नवशिक्याला वाचायला दुसरा द्यायचा. इतकी साधी गोष्ट, पण मला आजवर दिसलेल्या बऱ्याच संस्थांच्या वेबसाइटवर हे नसतं, साइट नवीन केली की सगळ्या जुन्या लिंक मेल्या.

खगोलशास्त्रवाल्यांचं काम या बाबतीत बघण्यासारखं आहे. वेगवेगळ्या देशांच्या दुर्बिणींचा डेटा एकमेकांना वाचता यावा म्हणून २००२ मध्ये आयव्हीओए नावाची आंतरराष्ट्रीय आघाडी झाली, त्यात भारत पण आहे, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचं त्यात काम आहे. त्यांचा कागद आधी कच्चा मसुदा असतो, मग प्रस्तावित शिफारस, मग शिफारस, आणि कोणत्या पायरीवर आहे ते पहिल्याच पानावर ठळक दिसतं. सगळ्या पायऱ्यांच्या प्रती एकाच ठिकाणी तारखेनं लावलेल्या. त्याआधीपासून त्यांच्याकडं फिट्स नावाचा फाइलचा साचा आहे, १९८१ पासूनचा, आणि त्याचं तत्त्व असं की एकदा जी फाइल फिट्समध्ये बसली ती कायम बसणार, नवीन नियमानं जुनी फाइल बाद करायची नाही.

दाखला देताना

दाखल्याचे दोन प्रकार, वर्षासकट आणि वर्षाशिवाय. वर्ष असेल तर फक्त तीच आवृत्ती लागू. वर्ष नसेल तर आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे सगळ्यात ताजी आवृत्ती धरायची. म्हणजे वर्ष न लिहिणं हा पण एक निर्णय आहे, विसरल्यामुळं होणारी गोष्ट असू नये.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरची माळढोकची नोंद घ्या. पक्षी दिसला, तारीख वहीत लिहिली ५/६. आपल्याला ती पाच जून, पण अमेरिकेत कोणी वाचली तर सहा मे. जैवविविधतेच्या नोंदींसाठी डार्विन कोर नावाचं मानक आहे, २००९ मध्ये मंजूर झालेलं, त्यात तारखेच्या रकान्यासाठी आयएसओ ८६०१-१:२०१९ पाळा असं वर्षासकट सांगितलंय, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. एका मानकानं दुसऱ्याचा दाखला कसा द्यावा याचा हा चांगला नमुना. अडचण एवढीच की डार्विन कोर कोणालाही फुकट वाचता येतं आणि ज्याचा दाखला दिलाय तो आयएसओचा कागद विकत घ्यावा लागतो, म्हणून डार्विन कोरमध्येच तारखा कशा लिहायच्या याची उदाहरणं देऊन ठेवली आहेत. वनरक्षकाला किंवा कॉलेजच्या पोरांना तेवढी पुरतात.

नुसती लिंक दिली तर ती टिकत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की पाचातल्या एका शोधनिबंधात संदर्भाची लिंक तरी मेलेली असते किंवा त्या पानावरचा मजकूर तरी बदललेला असतो. म्हणून डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक वापरतात, तो १० नं सुरू होतो आणि फाइल दुसऱ्या सर्व्हरवर हलवली तरी क्रमांक तोच राहतो, मालकानं फक्त नवीन पत्ता नोंदवायचा. सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चालवत असलेल्या झेनोडो या ऑनलाइन साठ्यावर कागद ठेवला तर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक सामाईक असं दोन्ही मिळतं, आणि लहान कॉलेजला पण हे फुकट जमतं, स्वतःचा सर्व्हर सांभाळायची गरज नाही.

वाटायचं कसं आणि कोणाला

इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. चादरीचा रंग धुतल्यावर किती जातो हे तपासायला आयएसओ १०५ मालिकेतली मानकं आहेत, निर्यात करणाऱ्या कारखान्याला ती लागतातच. आयएसओची पीडीएफ विकतची असते, तिच्यावर घेणाऱ्याचं नाव छापून येतं आणि ती ग्रुपवर टाकणं म्हणजे कराराचा भंग. प्रोजेक्टमधल्या चार संस्थांपैकी एकीनं विकत घेतली म्हणून बाकी तिघींना ती आपोआप मिळत नाही, बजेटमध्ये चौघींचा खर्च आधीच धरावा. भारतीय मानक ब्यूरो मात्र स्वतः बनवलेली मानकं आता फुकट डाउनलोड करू देतो, फक्त नोंदणी करावी लागते, आणि हा निर्णय मला मनापासून पटतो, कारण जो नियम पाळायची सक्ती आहे तो वाचायला पैसे पडू नयेत. युरोपात हा वाद कोर्टात गेला आणि ५ मार्च २०२४ ला युरोपीय न्यायालयानं कायद्याचा भाग झालेल्या मानकांच्या बाबतीत ती बघायला मिळण्यात मोठं जनहित आहे असा निकाल दिला.

फुकट असलं तरी फाइलपेक्षा मूळ घराची लिंक पाठवावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलचं नाव 'फायनल न्यू २' झालेलं असतं आणि तिला दुरुस्तीपत्रक जोडलेलं नसतं. फाइलच पाठवायची वेळ आली, गावाकडं नेट नाही वगैरे, तर सोबत चार गोष्टी लिहाव्यात: पूर्ण क्रमांक आणि वर्ष, कितव्या दुरुस्तीपर्यंत, कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली, आणि लायसन्स काय. मराठी भाषांतर केलं असेल तर त्यावर 'भाषांतर, वाद झाल्यास मूळ ग्राह्य' असं पहिल्या पानावर पाहिजे, आणि ते युनिकोडमध्येच टाइप केलेलं पाहिजे, जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला छान असते पण त्यातून एक ओळ कॉपी केली की नुसती चिन्हं येतात आणि शोधलं तर शब्द सापडत नाही.

दोन्हीकडची फाइल अगदी तीच आहे का हे बघायला एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढतात. कुठल्याही कॉम्प्युटरवर एका कमांडमध्ये ६४ अक्षरांची ओळ मिळते, फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. ती रजिस्टरमध्ये फाइलच्या नावासमोर लिहून ठेवायची, आणि घाईत असलं तर सोलापूर-पुणे फोनवर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं वाचून जुळवली तरी चुकून दुसरीच फाइल उघडली असेल तर लगेच कळतं.